टाटामोबाइल २०६: एका पिकअपची कुळकथा

देशी मोटारींची गोष्ट निघाली की बहुतेकजण इंडिकापासून सुरुवात करतात. जरा जुनी माणसं सिएरापर्यंत जातात. त्याच्याही मागे १९८८ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, बाजारात आणलेली एक पिकअप उभी आहे: टाटामोबाइल २०६. तिचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, आणि हा मला तिच्यावर झालेला अन्याय वाटतो. टेल्कोच्या प्रवासी गाड्यांचं घराणं तिच्यापासून सुरू होतं.

टेल्को मुळात रेल्वे इंजिनांची कंपनी. १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या साथीने ती ट्रक बनवू लागली. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ मध्ये संपला. पण त्याआधीच, १९६६ मध्ये, टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी पुण्याच्या कारखान्याचा आणि संशोधन केंद्राचा पाया घातला होता. आधी मुलांना कारागिरी शिकवायची, पत्रा दाबायचे साचे आणि यंत्रं घरीच बनवायची, गाडी त्यानंतर, असा त्यांचा क्रम होता. गाडीचा आराखडा स्वतः करायची हिंमत आली ती या पूर्वतयारीतून.

ऐंशीच्या दशकात त्या तयारीची परीक्षा झाली. स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, ऑल्विन-निसान अशा चार जपानी जोड्या हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ आणून उत्तर दिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याहून लहान, चालवायला मोटारीच्या जवळ जाणारी २०६ आली.

गाडी जवळून पाहिली की तिची रचना लगेच कळते. केबिन आणि हौदा वेगवेगळे. दोहोंच्या मध्ये उभी फट. मागचा फाळका पाडला की माल सरळ आत सरकवता येतो. खाली शिडीसारखी दणकट चॅसी, मागे ओझं पेलणारे पाटे. पुढे मात्र बसकं बॉनेट आणि चौकोनी दिवे, म्हणजे ट्रकपेक्षा मोटारीचाच चेहरा. इंजिन १९४८ सीसीचं, चार सिलिंडरचं डिझेल, टर्बोशिवायचं. ताकद बेताचीच.

खरी किल्ली त्या चॅसीत आहे. वरची बॉडी स्वतंत्र असल्याने ती बदलली की त्याच सांगाड्यावर दुसरी गाडी उभी राहते. अगदी नवी मोटार मुळापासून घडवायचा खर्च आणि धोका टेल्कोला तेव्हा झेपला असता असं मला वाटत नाही. ट्रकवाल्यांना मोटारीकडे नेणारी वाट पिकअपमधूनच जात होती. १९९१ मध्ये सिएरा आली. चेहरा पिकअपचाच, पिकअपसारखी दोनच दारं, आणि हौद्याच्या जागी मागची बैठक व छपराकडे वळलेल्या मोठ्या काचा. पाठोपाठ १९९२ मध्ये लांबट एस्टेट. १९९४ ची सुमो याच घराण्यातली, सुरुवातीला तेच १९४८ सीसी इंजिन घेऊन आलेली. तिच्या नावात मुळगावकरांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरं आहेत. ते स्वतः १९८९ मध्येच वारले होते. गावोगावच्या वडापवाल्यांनी सुमोत माणसं दाटीवाटीने बसवली तेव्हा तो भार ज्या कुळाच्या चॅसीने पेलला, ते मूळचं मालवाहू गाडीचं होतं.

खुद्द पिकअप मात्र घरगुती वाहन म्हणून आपल्याकडे रुजली नाही. आपल्या माणसाला एकाच गाडीत सगळं कुटुंब बसायला हवं होतं आणि दोन-तीन माणसांची केबिन त्याला पुरणारी नव्हती. ज्याला मालच वाहायचा होता, त्याला हौदा मोठा हवा होता. त्या गिऱ्हाइकासाठी पुढे २०७ आली. तिच्यात डीआय, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, इंजिन बसलं, आणि भाजीपाला, दुधाचे कॅन, मांडवाचं सामान वाहत ती बरीच वर्षं टिकली. परदेशात टाटामोबाइलला वेगळी नावं मिळाली: स्पेनमध्ये टेल्कोलाइन, ब्रिटनमध्ये लोडबीटा. तिथे स्वस्त, साधी, कामाची गाडी म्हणून ती विकली गेली.

२००७ मध्ये टाटांनी नवी झेनॉन पिकअप आणली आणि टेल्कोलाइनची जागा तिने घेतली. त्यानंतर २०१७ मध्ये योद्धा हे नाव आलं. तोवर मूळ टाटामोबाइल रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली होती.