बेने इस्रायल स्थलांतर (पेण-रोहा)

रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाचे १९४८ नंतर इस्रायलकडे झालेले स्थलांतर. पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा, पनवेल ही या समाजाची जुनी वसतिस्थाने. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे अशा गावांवरूनच आली.

पूर्वपीठिका : नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बचावलेली सात जोडपी हे आपले मूळ, असे समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद राहत असल्याने लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकापासून कंपनी सरकारच्या पलटणींत आणि पुढे मुंबईतील नोकऱ्यांत अनेक जण गेले. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पेणचे सिनेगॉग १८६३ चे. कोकणात या समाजाचा धर्मावरून छळ झाला नाही. त्यामुळे धार्मिक ओढ आणि चांगल्या जीवनमानाची आशा ही स्थलांतराची प्रमुख कारणे ठरली.

स्थलांतराची व्यवस्था : इस्रायलने १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने प्रत्येक ज्यूला तेथे स्थायिक होण्याचा हक्क दिला. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, मात्र पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले. मधल्या काळात प्रवास व पुनर्वसनाचा भार ज्यू एजन्सी या संस्थेने उचलला, १९५३ पासून मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता आणि भारताने जाणाऱ्यांना अडवले नाही. बीरशेबा, दिमोना, अशदोद, लोद, रामले येथे वसाहती झाल्या.

समान हक्कांचा लढा : काम, घर आणि वर्णभेद यांवरून स्थलांतरितांनी इस्रायलमध्ये १९५१ मध्ये धरणे धरले व १९५२ मध्ये काही कुटुंबे भारतात परतली. त्यांपैकी बरीच पुन्हा इस्रायलला गेली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने विवाहासाठी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचा नियम काढला. प्रखर आंदोलनानंतर, ऑगस्ट १९६४ मध्ये, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे इस्रायलच्या संसदेने जाहीर केले.

सद्यःस्थिती : इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, मलिदा विधी आणि महाराष्ट्र दिन तेथे साजरे होतात. रायगडात मोजकी कुटुंबे उरली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

मूल्यमापन : प्रवास आणि निवारा यांची सोय झाली, तरी समान वागणुकीची हमी देणारा कोणताही करार दोन्ही देशांत नव्हता, ती स्थलांतरितांना स्वतः लढून मिळवावी लागली. याउलट, नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत व इस्रायल यांनी भारतीय कामगारांच्या तात्पुरत्या रोजगाराबाबत करार केला. त्यात कामगार हक्कांबाबत समान वागणूक, निवास आणि आरोग्य विमा यांची तरतूद आहे. अशी हमी माणसे निघण्यापूर्वीच लेखी असली पाहिजे, हा पेण-रोह्याच्या स्थलांतराचा धडा आहे.