घरी पाहुणा आला, मुलांची मदत बंद!

सेल्मा हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते 1965 च्या मोर्चामुळे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं हे गाव. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी तिथून लोक चालत निघाले होते. आज त्याच गावातल्या एका घराची गोष्ट.

घर श्रीमती स्मिथ यांचं. कृष्णवर्णीय, चार मुलांची एकटी आई. पहाटे साडेतीनला हॉटेलात कामाला लागायचं, दुपारपर्यंत राबायचं. आठवड्याचे मिळायचे 16 ते 20 डॉलर. एवढ्यात पाच तोंडं कशी भागणार? म्हणून सरकारी मदत. आईबापाचा आधार हरपलेल्या मुलांसाठी ती 1935 च्या कायद्याने सुरू झाली होती.

ऑक्टोबर 1966 मध्ये ती मदत बंद झाली. कारण काय, तर शनिवार-रविवारी एक गृहस्थ घरी येतात! अलाबामाचा नियमच होता: आईचे ज्याच्याशी संबंध, तो मुलांचा 'बदली बाप'. मग तो मुलांना पोसो वा न पोसो. या गृहस्थांना स्वतःचीच नऊ मुलं होती, आणि ते राहायचेही त्यांच्यासोबत.

हा नियम 1964 मध्ये लागू झाला. जानेवारी 1967 पर्यंत राज्यात मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे 16,000 ने घटली.

आता गंमत बघा. मार्च 1965 मध्येच वॉशिंग्टनला कामगार खात्यातल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी एक अहवाल लिहिला. त्यात बेकारीबद्दलही होतं, पण गाजलं ते एकच: कृष्णवर्णीयांची कुटुंबं मोडतायत, बाप घरात नाहीत. म्हणजे एकीकडे बाप नाही म्हणून बोल लावायचा, आणि दुसरीकडे पुरुष दिसला की मुलांचं ताट ओढायचं! आणि मॉयनिहान स्वतः कोण? आयरिश वंशाचे. वडील घर सोडून गेल्यावर आईनेच वाढवलेले.

स्मिथबाई गप्प बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. 'किंग विरुद्ध स्मिथ' खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. 17 जून 1968 ला एकमताने निकाल लागला: मुलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर आहे, तोच पालक. नियम रद्द.

आजही कुठल्याही एकट्या आईबद्दल 'तिच्याकडे कोण येतं' ही चौकशी आधी होते. मुलं जेवली का, हे नंतर. स्मिथबाईंनी हा क्रम निदान कायद्यात तरी उलटा करून दाखवला. भेटू पुढच्या भागात!