कोयत्याचा दर वाढला, मग मत कुठं गेलं?

घरात पैसा वाढला की माणूस सत्तेला मत देतो, आटला की पाडतो. हे गणित प्रत्येक निवडणुकीत टीव्हीवर हमखास मांडलं जातं. आपल्या बीड लोकसभेचे जुने निकाल काढून बसलो, तर ते काही जुळत नाही.

1967 ला ह्याच दुष्काळी जिल्ह्याने सांगलीकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट म्हणून निवडून दिलं. 1977 ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. गरिबी होती म्हणून लाल बावटा म्हणावं, तर 1980 ला गरिबी कुठं हटली होती? तरी केशरकाकू क्षीरसागर काँग्रेसकडून दिल्लीला गेल्या. 2004 ला 'इंडिया शायनिंग' आपटलं, बीडातही भाजप हरला. पण जिंकले कोण? भाजपचेच खासदार राहिलेले जयसिंगराव गायकवाड, फक्त घड्याळावर!

2024 चं तर बघाच. जानेवारीत शरद पवार आणि पंकजाताई मुंडे यांच्या लवादाने ऊसतोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवला. आपल्याकडं कोयत्याचा दर म्हणजे वर्षाची बाजरी, पोरीचं लग्न, मुकादमाची उचल, सगळंच. पाच महिन्यांनी पंकजाताई 6,553 मतांनी पडल्या.

परळी, आष्टीने त्यांना लीड दिलं, बीड, गेवराईने ते खाल्लं. आष्टीकडं कोरडवाहू शेती आणि तोडणीला जाणारी माणसं, गेवराईत कालव्याचं पाणी. मग मजुरीनेच मत फिरलं म्हणायचं का? मला नाही पटत. तेव्हा गावोगाव फिरताना पारावर दराचं कमी आणि आरक्षणाचंच जास्त ऐकलं. इथं जात आणि धंदा एकाच घरात नांदतात, त्यातून उत्पन्न तेवढं वेगळं काढणार कसं? आणि मतदारसंघनिहाय घरचं उत्पन्न मोजतंय तरी कोण?

नोव्हेंबरात सोयाबीन 4,892 च्या हमीभावाखालीच विकलं जात होतं. तरी विधानसभेच्या सहापैकी पाच जागा महायुतीला. सोयाबीनचा तोटा बापाच्या पट्टीत, लाडक्या बहिणीचे दीड हजार आईच्या खात्यात. घर एक, पण हिशेब दोन झाले होते, आणि 'कुटुंबाचं उत्पन्न' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. अर्थात हप्ते बीड मतदारसंघातही तेवढेच आले होते. तिथं निवडून आले शरद पवार गटाचे संदीप क्षीरसागर.