फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर तुमची सॅलरी स्लिप काढून बघा. ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत मात्र ३००. वर्षाचे झाले २५००. एका माणसाकडून याहून जास्त घ्यायला राज्यघटनेचं कलम २७६ राज्यांना परवानगी देत नाही. आज या किरकोळ वाटणाऱ्या कराबद्दल बोलू, कारण रोजगार हमी योजना त्याच्यावर उभी राहिली.

१९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला बाहेर पडली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. पण दुष्काळी काम सरकारच्या मर्जीचं. पाऊस पडला की बंद. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे १९६५ पासून सांगत होते की मजुराला काम दरवर्षी लागतं, आणि मागेल त्याला ते मिळालं पाहिजे.

कायमच्या योजनेला पैसाही कायमचा हवा. तो कुठून आणायचा? आयकर लावायचा अधिकार केंद्राचा. पगारदाराच्या उत्पन्नापर्यंत पोहोचायला राज्याकडे एवढी एकच फट होती, कलम २७६, आणि तेव्हा तिची मर्यादा वर्षाला फक्त २५० रुपये. (ती २५०० झाली १९८८ साली.) महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. जेवढी वसुली होईल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. वसुलीत मोठा वाटा मुंबईचा. म्हणजे लोकलनं कचेरीत जाणारा कारकून मराठवाड्यातल्या बांधबंदिस्तीची मजुरी देऊ लागला! मला या योजनेतलं सगळ्यात धाडसी पाऊल हेच वाटतं. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला: १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता.

२००५ मध्ये संसदेनं देशासाठी कायदा केला. हक्क तोच होता, पण कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांचा. आणि पैशाची वाटणी नवी. त्या कायद्यात अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची होती, सामानाचा तीन चतुर्थांश खर्चही केंद्राचा. बेकारी भत्ता मात्र राज्यानं द्यायचा. काम काढलं नाहीत तर भुर्दंड तुमचा, असा हिशेब होता. कागदावर चोख होता. पण दिल्लीहून पैसा रखडला की राज्य कात्रीत सापडायचं: काम काढावं तर मजुरी थकायची, न काढावं तर भत्ता बसायचा. यातून सुटायचा सोपा मार्ग खालच्या कचेरीला ठाऊक असायचा. अर्ज घ्यायचा, तारखेची पोच द्यायची नाही. मग ते १५ दिवस सुरूच व्हायचे नाहीत.