आई-वडिलांची दुआ

मूल जन्माला आले की मुस्लिम कुटुंबात त्याच्या उजव्या कानात हलक्या आवाजात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हटली जाते. नमाजासाठी बोलावणारे हे शब्द, अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी, बाळाच्या कानी पडावेत हा त्यामागील भाव. सातव्या दिवशी 'अकीका' होतो. जावळ काढतात, त्याच्या वजनाइतक्या चांदीचे मूल्य दान करतात आणि कुर्बानीचे मांस नातलग, शेजारी व गरिबांत वाटतात. बाळाचे नावही बहुधा याच दिवशी ठेवले जाते.

हे विधी एकदाच होतात. दुआ मात्र रोजची असते. दुआ म्हणजे अल्लाहकडे केलेली विनवणी. ती नमाजाच्या ठरलेल्या वेळांतच करावी असे बंधन नाही आणि ती मातृभाषेतही मागता येते.

अपत्यासाठी मागितलेल्या दुआंची उदाहरणे कुरआनात अनेक ठिकाणी आढळतात. उतारवयात हजरत जकरिया सदाचारी संतती मागतात. ओसाड खोऱ्यात कुटुंबाला वसविणारे हजरत इब्राहीम मुलाबाळांसाठी नमाजाची निष्ठा, लोकांचा जिव्हाळा आणि खायला फळे मागतात. हजरत मरियम यांच्या मातेने पोटातील जीव ईश्वरसेवेस अर्पण केला होता. प्रत्यक्षात मुलगी जन्मली, तेव्हा त्या माउलीने तिचे नाव मरियम ठेवले आणि तिच्यासह तिच्या भावी संततीसाठीही संरक्षण मागितले. 'अल्-फुरकान' या अध्यायात तर पत्नी व मुले डोळ्यांना गारवा देणारी व्हावीत, अशी प्रार्थना आहे. आजही अनेक घरांत नमाजानंतर ती म्हटली जाते.

मागण्याबरोबर शिकवणेही येते. हजरत लुकमान यांनी मुलाला केलेला उपदेश याचा नमुना मानला जातो. एका ईश्वराची भक्ती, आई-वडिलांविषयी कृतज्ञता, संकटात धीर, चालण्यात नम्रता आणि बोलताना आवाज खाली, हे त्याचे सार. भारतीय उपखंडात मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्लाह'चा समारंभ करण्याची जुनी प्रथा आहे. त्या दिवशी मूल पहिली अक्षरे गिरवते आणि मिठाई वाटली जाते.

आई-वडिलांची दुआ निश्चित स्वीकारली जाते, अशी श्रद्धा आहे. याच श्रद्धेची दुसरी बाजू महत्त्वाची. रागाच्या भरात मुलांना शाप देऊ नका; ती घटका दुआ कबूल होण्याची असू शकते, असे पैगंबरांनी बजावल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. 'अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते' असे मराठी घरांतून सांगतात, त्याच्याशी ही शिकवण किती जुळते! मुलासाठी दुआ मागणाऱ्या हातांइतकेच भान म्हणूनच जिभेलाही ठेवावे लागते. दिवसभराच्या दंग्याने त्रासलेली आई संतापून काही बोलू जाते, थांबते आणि 'अल्लाह तुला सद्बुद्धी देवो' एवढेच म्हणते. तीही दुआच असते.