दारू सोडवण्याचे औषध आणि पडद्यावरचे डॉक्टर

'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती पुण्याच्या भिंतींवर आणि बसथांब्यांवर वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. आता त्या मोबाइलवरही दिसतात. त्यामुळे व्यसनमुक्तीचे औषध घरबसल्या, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून मिळू शकते, हे कळल्यावर त्रासलेल्या कुटुंबाच्या मनात प्रथम हाच विचार येतो, की आता घरातल्या माणसावर त्याच्या नकळत उपचार करता येतील. तसे करता येत नाहीत, आणि करूही नयेत. रुग्ण स्वतः तयार असेल तर मात्र या मार्गाने बरेच काही साध्य होते.

टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मद्यपाशात अडकलेल्यांच्या दृष्टीने हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. एकीकडे दारूची दुकाने बंद झाली आणि दुसरीकडे डॉक्टरांना फोनवर व व्हिडिओवर तपासण्याची स्पष्ट मुभा मिळाली. केरळ सरकारने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू पुरवण्याचा आदेश काढला होता. उच्च न्यायालयाने २ एप्रिल रोजी त्याला स्थगिती दिली.

पहिला आठवडा रुग्णालयाचा

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणे, वेळकाळाचे भान सुटणे, ताप चढणे अशी अवस्था उद्भवली तर तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते. या काळात क्लोरडायझेपॉक्साइड, लोरॅझेपाम यांसारखी औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व दिले जाते. क्लोरडायझेपॉक्साइड व लोरॅझेपाम ही औषधे अमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यासंबंधीच्या १९८५ च्या कायद्याच्या यादीत आहेत, आणि त्या यादीतील औषधे दूरवैद्यक सेवेतून लिहून देण्यास मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. ही केवळ कागदी अडचण नव्हे. फिट आलेल्या माणसाला पडद्यापलीकडचे डॉक्टर सावरू शकत नाहीत. पूर्वी दारू सोडताना ज्याला फिट आली आहे किंवा भास झाले आहेत, त्याने ससूनसारख्या सर्वसाधारण रुग्णालयाचा किंवा व्यसनमुक्ती केंद्राचाच रस्ता धरावा.

पडद्यावरून मिळणारी औषधे

खरा उपयोग त्यानंतर सुरू होतो. दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन, दारू सुटल्यावर मेंदूतील बिघडलेला तोल सावरणारे अ‍ॅकॅम्प्रोसेट आणि दारू प्यायल्यास तीव्र त्रास घडवणारे डायसल्फिराम ही तीन प्रमुख औषधे. ती सगळीच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी असून वर सांगितलेल्या प्रतिबंधित यादीत येत नाहीत. नुसत्या संदेशावर नवी चिठ्ठी मागणे मात्र व्यर्थ आहे. डॉक्टरांनी पूर्वी प्रत्यक्ष तपासले नसेल, तर पहिली भेट निदान व्हिडिओवर तरी व्हावी लागते. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा.

औषध निवडण्यापूर्वी तपासण्या लागतात. नाल्ट्रेक्सोन व डायसल्फिराम यांसाठी यकृताची, तर अ‍ॅकॅम्प्रोसेटसाठी मूत्रपिंडांची स्थिती पाहावी लागते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके चालू असल्यास नाल्ट्रेक्सोन घेता येत नाही, हे रुग्ण हमखास सांगायला विसरतो. तपासण्यांचे अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवूनच व्हिडिओसमोर बसलेले बरे.

तिघांत सर्वाधिक जपून वापरायचे ते डायसल्फिराम. हे घेणाऱ्याने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधदेखील त्रास देऊ शकते. भाजीत वा चहात कालवून दिलेली गोळी म्हणजे उपचार नव्हे, विषप्रयोगाला जवळची गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही मानसिक आजारात समावेश केला आहे. त्यामुळे माहितीपूर्ण संमतीचा हक्क या रुग्णालाही आहे.

कुटुंबाचा वाटा याहून वेगळा आणि मोठा आहे. मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅलन व अविनाश डिसूझा यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभर पुरुषांवर वर्षभर नाल्ट्रेक्सोन किंवा डायसल्फिरामचे उपचार झाले. वर्षअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते, तर नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. दारूची ओढ मात्र नाल्ट्रेक्सोनच्या गटात कमी होती. हे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेआड करता कामा नये: या रुग्णांच्या घरी औषध वेळेवर घेतले जाते की नाही, हे पाहणारे कुणीतरी होते. रुग्णाच्या संमतीने, त्याच्यासमोर रोज गोळी देणारे हे माणूस व्हिडिओभेटीलाही शेजारी असावे.

पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे औषधांइतकाच भर समुपदेशन, पाठपुरावा आणि कुटुंबीयांना बरोबर घेण्यावर राहिला आहे. गोळी घरपोच येते; हा भाग येत नाही, त्यासाठी केंद्राशी किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांशी नाते ठेवावे लागते.

रुग्ण तयारच नसेल, तर पत्नीने किंवा आईवडिलांनी स्वतःसाठी सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. दारू बंद केलेल्या माणसाला फिट आली किंवा तो असंबद्ध बडबडू लागला, तर यांपैकी कोणताही क्रमांक न फिरवता थेट १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.