एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (बालकांच्या मेंदूतील गाठी)

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी किंवा चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापन ही शरीरातील ऊतींमधील रासायनिक घटकांचे प्रमाण छेद न घेता अजमावण्याची पद्धत होय. बालकांच्या मेंदूतील गाठीचा प्रकार शस्त्रक्रियेपूर्वी ओळखण्यास तिचे साहाय्य होते. तपासणी एमआरआय यंत्रावरच होते. मात्र एमआरआय गाठीचे रूप दाखवतो, तर ही पद्धत निवडलेल्या लहानशा भागातील रसायनांचा आलेख देते.

तत्त्व

हायड्रोजनची अणुकेंद्रे रेणूतील आपल्या स्थानानुसार किंचित निराळ्या वारंवारतेवर प्रतिसाद देतात. त्यामुळे आलेखावर प्रत्येक संयुगाचे शिखर ठरावीक जागी उमटते : एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट (एनएए) २.०, क्रिएटिन ३.० आणि कोलीन ३.२ (एकक : दशलक्षांश). एनएए मुख्यतः चेतापेशींत असते, म्हणून गाठीत ते घटते. पेशीपटलांच्या वाढत्या उलाढालीमुळे कोलीन वाढते. एवढ्यावरून गाठीचा संशय बळावतो, परंतु गाठ कोणती हे कळत नाही.

प्रकारभेद

बालकांत लहान मेंदूच्या परिसरात प्रामुख्याने तीन गाठी आढळतात. मेडुलोब्लास्टोमा या घातक गाठीत कोलीन बरेच वाढते व ३.४ च्या आसपास टॉरिनचे शिखर दिसते. ही तिची मोठी खूण मानली जाते. एपेंडिमोमात मायोइनोसिटॉल अधिक असते. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमात क्रिएटिन फारच कमी असते. ही शेवटची गाठ सौम्य असूनही तिच्यात लॅक्टेट आढळते. लॅक्टेट दिसताच गाठ घातक ठरवण्याची घाई म्हणूनच चुकीची ठरते. टॉरिन व मायोइनोसिटॉल टिपण्यासाठी प्रतिध्वनिकाळ अल्प, सुमारे ३० मिलिसेकंद, ठेवावा लागतो. तो लांबवल्यास ही शिखरे क्षीण होतात.

बालकाचे वय विचारात घेणे अत्यावश्यक असते. नवजात अर्भकाच्या निरोगी मेंदूतही एनएए कमी आणि कोलीन व मायोइनोसिटॉल अधिक असतात. प्रौढांची मापे लावल्यास निरोगी ऊतीही रोगट भासू शकते.

मर्यादा

गाठ फार लहान असल्यास, अथवा रक्तस्राव, कॅल्शियमचे साठे वा कवटीचे हाड लगत असल्यास आलेख बिघडतो. मूल हलल्यासही तेच घडते, त्यामुळे लहानग्यांना बहुधा भूल द्यावी लागते. अंतिम निदान ऊतिपरीक्षेनेच होते. तथापि मस्तिष्कस्तंभातील गाठीसारख्या, जेथे नमुना घेणे जोखमीचे असते अशा ठिकाणी, शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरवताना या आलेखाला विशेष मोल येते.